वारंवार डोके दुखणे : पित्त, सायनस, चष्मा आणि त्यांच्या आड राहणारी कारणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत आणि शाळेत शिकवतात. कॉलेजात असल्यापासून महिन्यातून दोन-तीन वेळा त्यांचे डोके दुखते. दुखणे बहुधा एका बाजूने सुरू होते, ठणका लागतो, मळमळते आणि एक उलटी झाली की उतार पडतो. घरात त्याला पित्त म्हणतात. गेल्या वर्षभरात मात्र महिन्यातले वीस-बावीस दिवस डोके धरलेलेच असते. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रे झाला, पित्ताच्या गोळ्यांचे कोर्स झाले आणि मध्यंतरी बीपी एकदा १४०/९० भरल्यामुळे त्याचीही धास्ती बसली. दुखू लागले की त्या मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेतात, हल्ली जवळजवळ रोज. कारण नेमके काय असावे, एमआरआय करावा का, उपास सोडावेत का आणि सासूबाई सांगतात तो सुंठीचा लेप लावला तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, हे आधीच सांगतो. परंतु डोकेदुखीच्या बाबतीत निदानाचा मोठा भाग रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीतच असतो आणि या ताईंनी हकिकत नीट सांगितली आहे. त्यामुळे बरेच काही ठामपणे बोलता येईल.

डोकेदुखीचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे आणि त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दोनशेहून अधिक प्रकार दिले असले तरी मूळ विभागणी साधी आहे. काही डोकेदुख्या हाच स्वतंत्र आजार असतो. मायग्रेन, ताणाची डोकेदुखी आणि क्लस्टर डोकेदुखी या त्यांतल्या प्रमुख. बाकीच्या डोकेदुख्या दुसऱ्या कशाचे तरी लक्षण असतात, मग ते साधे सर्दी-पडसे असो, औषध असो किंवा मेंदूतली गाठ असो. वर्षानुवर्षे त्याच धाटणीने येणारे आणि मधल्या काळात माणसाला पूर्ण बरे ठेवणारे दुखणे बहुतेक वेळा पहिल्या गटातले असते. भीती मात्र सर्वांना दुसऱ्या गटाची वाटते आणि उपचार भलत्याच तिसऱ्या गोष्टीवर चालू राहतात.

प्रथम पित्ताविषयी, कारण आपल्याकडे सर्वाधिक घोळ तिथेच होतो. एका बाजूने किंवा दोन्ही बाजूंनी ठणकणारे, जिना चढल्यावर वा वाकल्यावर वाढणारे, उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकणारे, सोबत मळमळ किंवा उलटी आणि उजेड व आवाज नकोसे करणारे दुखणे आयुष्यात किमान पाच वेळा येऊन गेले असेल, तर ते मायग्रेन, म्हणजे आपली जुनी अर्धशिशी. कपाळाला रुमाल करकचून बांधून, पडदे ओढून, कुणाशी न बोलता पडून राहणारी आत्या किंवा मावशी बहुतेक घरांत असते आणि तिला घरात कोणीही मायग्रेनचा रुग्ण म्हणत नाही. तिचे पित्त उठलेले असते. वस्तुतः मायग्रेनचा झटका चालू असताना जठराची हालचाल मंदावते, खाल्लेले पुढे सरकत नाही आणि रिकाम्या पोटी उलटी झाली की कडू, पिवळे पाणी पडते. म्हणजे पोट बिघडल्यामुळे डोके दुखत नाही. ज्या प्रक्रियेमुळे डोके दुखते तीच पोटालाही धरते. उलटी बहुधा झटक्याच्या उत्तरार्धात होते, नंतर झोप लागते, उठल्यावर हलके वाटते आणि श्रेय पित्त पडून गेल्याला मिळते. काहींना, विशेषतः लहान मुलांना, उलटीनंतर खरोखरच लगेच बरे वाटते. पण ते मायग्रेनचेच वागणे आहे.

हे कळण्याचा व्यावहारिक फायदा आहे. जठर मंदावलेले असल्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि लागू पडत नाही. ‘मला गोळ्यांचा काही उपयोग होत नाही’ असे सांगणाऱ्या अनेकांची गोळी चुकीची नसते, वेळ चुकीची असते. दुखणे सुरू होताच, ठणका वाढण्यापूर्वी, पुरेशा मात्रेत वेदनाशामक आणि त्यासोबत मळमळीचे औषध घेतले तर तीच गोळी काम करते. त्याऐवजी अर्धी गोळी घेऊन वाट पाहायची, दोन तासांनी उरलेली अर्धी घ्यायची, संध्याकाळी आणखी एक, अशी कसरत केली जाते. त्यात झटका तर थांबत नाहीच, शिवाय गोळ्यांची सवय मात्र लागते.

मायग्रेन हा मुख्यतः मेंदूच्या संवेदनशीलतेचा, बऱ्याच अंशी आनुवंशिक आजार आहे. डोके आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल मज्जातंतूची यंत्रणा उद्दीपित होते, मेंदूच्या आवरणांतील रक्तवाहिन्यांभोवती सीजीआरपीसारखी रसायने सुटतात आणि वेदना सुरू होते. तो दुर्मीळही नाही. बंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांतील प्रौढांची जी पाहणी २०१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाली, तिच्यात वर्षभरात मायग्रेन होऊन गेलेल्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले. म्हणजे चौघांत एक. स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो आणि पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत, इस्ट्रोजेनची पातळी घसरते त्या सुमारास, अनेकींना हमखास गाठतो.

मग उन्हात गेल्याने, उशिरा जेवल्याने, उदबत्तीच्या वा मोगऱ्याच्या गजऱ्याच्या वासाने डोके उठते ते काय? ती निमित्ते आहेत. मुळात मायग्रेनची प्रकृती असेल तरच ती पेटतात, आणि म्हणून एकाच लग्नमंडपात शंभर जण बसले तरी डोके मोजक्यांचेच दुखते. एक निमित्त तर खास आपल्याकडचे म्हणावे असे आहे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून न्हाल्यावर मायग्रेन उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ मध्ये प्रसिद्ध केली. लांब केस, ते ओलेच राहणे हा अनुभव आपल्या बायकांना नवा नाही. परंतु तोवर त्याची नोंद फारशी कुणी घेतली नव्हती. याउलट काही निमित्ते खोटी असतात. झटक्याच्या आदल्या दिवशी जांभया येतात, मान आखडते, गोड खावेसे वाटते. ही मायग्रेनची पूर्वसूचना असते. आपण चॉकलेट खातो, दुसऱ्या दिवशी डोके दुखते आणि दोष चॉकलेटच्या माथी येतो. मान आखडल्यामुळे कोणी मानेचा एक्स-रे काढतो, चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यांत दिसणारी झीज त्यात दिसते आणि रुग्ण स्पॉन्डिलायटिसचा पट्टा बांधून फिरू लागतो. मानेतून खरोखर उगम पावणारी डोकेदुखी असते, पण ती मानेच्या ठरावीक हालचालीने वाढते, मान वळवण्यावर मर्यादा येते आणि ती बहुधा बाजू बदलत नाही.

काहींना दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा किंवा आंधळा ठिपका दिसतो, हाताला वा ओठाला मुंग्या येतात. हे ५ ते ६० मिनिटे टिकून ओसरते. याला ऑरा म्हणतात. ज्या स्त्रीला ऑरासह मायग्रेन आहे तिने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांच्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. हा एक प्रश्न गोळी लिहून देण्यापूर्वी विचारला जायला हवा. तो विचारला गेला नाही तर रुग्णाने स्वतः सांगावे.

सायनसची गोष्ट पित्तासारखीच आहे. कपाळ भरून येते, गाल दुखतात, नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, म्हणून सायनस असे समीकरण पक्के झाले आहे. अमेरिकेत सुमारे तीन हजार लोकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे या सर्वांचे स्वतःचे किंवा त्यांच्या डॉक्टरांचे मत होते. निकष लावून पाहिले तेव्हा त्यांच्यापैकी ८८ टक्के लोकांचे दुखणे मायग्रेनच्या धाटणीचे निघाले. ट्रायजेमिनल यंत्रणा उद्दीपित झाली की नाकाडोळ्यांतून पाणी येणे ही तिचीच प्रतिक्रिया आहे. खऱ्या सायनस संसर्गात घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास जातो, बऱ्याचदा ताप असतो आणि ते दुखणे महिन्यातून तीनदा येऊन दुसऱ्या दिवशी निघून जात नाही. एक्स-रेमध्ये सायनस थोडा धुरकट दिसला एवढ्यावर प्रतिजैविकांचे कोर्स घेत राहू नये.

चष्म्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. नंबर चुकला असेल तर वाचन-लेखनानंतर संध्याकाळी कपाळात आणि डोळ्यांभोवती सौम्य ओढ लागते. उलटी होण्याइतके डोके त्याने दुखत नाही. डोळा लाल होऊन तीव्र दुखत असेल, दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असतील आणि दृष्टी धूसर झाली असेल, तर मात्र तो तीव्र काचबिंदू असू शकतो आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे लागते. रक्तदाबाचेही तसेच. १४०/९० ने डोके दुखत नाही. उलट डोके ठणकत असताना मोजलेला रक्तदाब दुखण्यामुळे चढलेला असू शकतो. तो शांत दिवशी, पाच मिनिटे बसून, दोन-तीन वेळा मोजावा. १८०/१२० च्या पुढे गेलेला आणि सोबत धूसर दिसणे, गोंधळणे, धाप लागणे अशी लक्षणे असलेला रक्तदाब ही वेगळी बाब आहे आणि त्यासाठी थेट रुग्णालयच गाठावे.

ताणाची डोकेदुखी हा समाजातला सर्वांत सामान्य प्रकार आहे. डोक्याभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखे दोन्हीकडे दडपण येते, ठणका नसतो, उलटी नसते, माणूस कुरकुरत का होईना काम करत राहतो. ती अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकते. दवाखान्यापर्यंत येणाऱ्यांत मात्र मायग्रेनचेच रुग्ण जास्त, कारण ताणाच्या डोकेदुखीला लोक बाम चोळून निभावून नेतात. प्रश्नातल्या वर्णनात ही डोकेदुखी मुख्य दिसत नाही.

आता या ताईंच्या गेल्या वर्षाकडे वळतो. महिन्यातून दोन-तीनदा येणारे दुखणे वीस-बावीस दिवसांवर कसे गेले? उत्तर बहुधा त्यांच्या पर्समधल्या स्ट्रिपमध्ये आहे. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकीतच दोन-तीन औषधे असलेल्या), ट्रिप्टान व एर्गोटामिन ही मायग्रेनचा झटका थांबवणारी औषधे किंवा ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर मुळात डोकेदुखीची प्रकृती असलेल्या माणसात ही औषधेच डोकेदुखी रोजची करून टाकतात. मोजायचे ते दिवस, गोळ्यांची संख्या नव्हे. विशेष म्हणजे गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या, पण डोकेदुखीची प्रकृती नसलेल्या माणसाला त्यामुळे अशी डोकेदुखी सहसा जडत नाही. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत कॅफीन असते. त्यात दिवसभराचे चार-पाच कप चहा धरले, तर रात्रभरात कॅफीन उतरून पहाटे डोके जड होते, उठल्याबरोबर गोळी आणि चहा लागतो, दोन तास बरे वाटते आणि दुपारी पुन्हा तेच. अशा रुग्णाला ‘पहाटे डोके दुखते’ या एका वाक्यावरून गाठीची शंका येऊन रात्रभर झोप येत नाही, आणि झोपमोड हे पुन्हा मायग्रेनचे निमित्त.

रुग्णाला मी पहिल्या भेटीत गेल्या महिन्यातल्या रिकाम्या स्ट्रिपा आणायला सांगतो. ‘कधीतरी घेते’ असे म्हणणाऱ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली की पुढचे बोलणे सोपे होते. त्यात बहुधा दोन-तीन निरनिराळी नावे असतात आणि पाठीमागची बारीक अक्षरे वाचली तर आतले औषध एकच निघते.

या गोळ्या थांबवणे हाच उपचाराचा गाभा आहे, पण तो समजून करावा. साधी वेदनाशामके बहुतेकांना एकदम बंद करता येतात; ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात. थांबवल्यानंतरचे दोन ते दहा दिवस डोकेदुखी वाढते, मळमळते, चिडचिड होते. हे आधी माहीत नसलेला रुग्ण चौथ्या दिवशी पुन्हा गोळी घेतो आणि ‘बंद करून पाहिले, जमले नाही’ असे म्हणतो. शाळेला सुटी असेल असा आठवडा त्यासाठी निवडावा, घरच्यांना सांगून ठेवावे आणि त्याच वेळी रोज घेण्याचे प्रतिबंधक औषध सुरू करून घ्यावे. प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लूनारिझिन, टोपिरामेट ही त्यांतली नेहमीची नावे. निवड प्रकृती पाहून होते : दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, वजन वाढत असेल किंवा मन खिन्न राहत असेल तर फ्लूनारिझिन नको, मूतखडा होऊन गेला असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर टोपिरामेट नको. व्हॅलप्रोएट हे आणखी एक प्रतिबंधक औषध तर मूल होण्याच्या वयातील स्त्रीला देणे टाळावेच. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पंधरा दिवसांत औषध बदलण्यात अर्थ नसतो. सीजीआरपीवर काम करणारी नवी औषधे भारतातही मिळू लागली आहेत, परंतु त्यांचा खर्च सर्वांना झेपणारा नाही. झटक्यासाठीची गोळी नंतरही लागेल. ती आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक घेऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी ट्रिप्टान घेऊ नये.

दुसऱ्या काही कारणांचा उल्लेख करतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाचे तरी ते असू शकेल. क्लस्टर डोकेदुखी पुरुषांत अधिक दिसते : एका डोळ्यामागे असह्य कळ, त्याच डोळ्यातून पाणी, त्याच बाजूची नाकपुडी बंद, १५ मिनिटे ते ३ तास, दिवसातून अनेकदा आणि बऱ्याचदा रात्रीच्या ठरावीक वेळेला. मायग्रेनचा रुग्ण निपचित पडतो, हा रुग्ण येरझाऱ्या घालतो. दाढ काढून झाल्यावर हे निदान झालेले लोक कमी नाहीत. रात्री घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या स्थूल माणसाचे सकाळी दुखणारे डोके झोपेत श्वास अडकण्यामुळे असू शकते. पंडुरोग (रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे) आणि थायरॉइडची कमतरता यांनीही डोके दुखते किंवा असलेली डोकेदुखी वाढते, म्हणून त्या दोन रक्ततपासण्या करून घ्याव्यात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीने डोके दुखतेच. नवे औषध सुरू झाल्यावर नवी डोकेदुखी सुरू झाली असेल तर ती तारीख डॉक्टरांना सांगावी.

न्हाल्यावर डोके दुखते असे कोणी सांगितले की गिझर गॅसचा आहे का आणि न्हाणीघराला खिडकी आहे का, हे विचारायलाच हवे. बंद जागेत गॅस गिझर नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करतानाच डोके जड होणे, गरगरणे, घरातल्या दोघा-तिघांना तोच त्रास होणे आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे या खुणा आहेत. हा वायू जीवघेणा आहे. गिझरच न्हाणीघराबाहेर बसवून घ्यावा, तोवर तो वापरू नये.

आता धोक्याच्या खुणा. काही सेकंदांत किंवा मिनिटभरात कमाल तीव्रतेला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी. ताप आणि मान ताठ होणे. बोलणे अडखळणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, फिट येणे, गुंगी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. आठवड्यागणिक वाढतच जाणारी. खोकल्याने, शिंकेने वा आडवे झाल्याने उठणारी. डोक्याला मार लागल्यानंतरची. कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्याची. आणि गरोदरपणात वा बाळंतपणानंतर नव्याने आलेली. यांपैकी पहिल्या तिन्हींत थेट आणीबाणी विभागात जावे. इतरांत तपासणी लांबवू नये.

यांतील चार गोष्टींवर आपल्या भागात अधिक बोलायला हवे. पहिली, क्षयाचा मेंदूज्वर. दोन-तीन आठवडे डोके दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, अन्न जात नाही, मग उलट्या आणि बडबड सुरू होते. सुरुवातीचा सीटी स्कॅन नॉर्मल असू शकतो आणि निदान पाठीतले पाणी तपासूनच होते. पाठीतले पाणी काढल्याने माणूस पांगळा होतो या भीतीपायी घरचे लोक सही करत नाहीत. पांगळेपण येते ते उशिरामुळे. दुसरी, मेंदूतील फीतकृमीच्या अळ्या. कोबीतली हिरवी अळी मेंदूत शिरते हा समज चुकीचा आहे. पोटात फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पडलेली अंडी अस्वच्छ पाण्यावाटे किंवा न धुतलेल्या कच्च्या भाजीवाटे पोटात जातात, म्हणून शाकाहाऱ्यांनाही हा आजार होतो. त्यात डोकेदुखीपेक्षा फिट हे लक्षण ठळक असते.

तिसरी, मेंदूच्या नीलांमध्ये रक्ताची गुठळी. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही रीत अजून काही घरांत पाळली जाते आणि तिने रक्त दाट होऊन धोका वाढतो. बाळंतपणानंतर दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, धूसर दिसणे किंवा फिट यांकडे अशक्तपणा म्हणून पाहू नये. सणासुदीसाठी वा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्यानंतरही अशा गुठळ्या झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा त्या गोळ्या दुकानदाराला विचारून घेण्याच्या नाहीत. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिल्यानंतर बसले की दुखणारे आणि आडवे झाले की थांबणारे डोके हा वेगळा, बहुधा आपोआप बरा होणारा प्रकार आहे, पण तोही डॉक्टरांना सांगावा. चौथी, पन्नाशीपुढच्या व्यक्तीची कानशिलात दुखणारी डोकेदुखी. केस विंचरताना टाळू हुळहुळणे, चावताना जबडा दुखणे आणि ईएसआर (शरीरातील सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप वाढलेला असणे, असे असेल तर कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते. आपल्याकडे ती कमी आढळते, परंतु स्टिरॉइड वेळेवर सुरू झाले नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

एमआरआयविषयी या ताईंना सांगायचे ते असे. वीस वर्षांची एकाच धाटणीची डोकेदुखी, वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही नाही आणि तपासणी नॉर्मल, अशा वेळी एमआरआयमधून कारण सापडण्याची शक्यता फारच थोडी असते. डोकेदुखी वाढली आहे हे खरे. पण त्या वाढीला गोळ्यांचा पुरेसा खुलासा आहे. त्याऐवजी एक तपासणी जरूर करावी आणि ती बऱ्याचदा राहून जाते : बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा पाहणे. डोक्यातला दाब वाढला असेल तर डोळ्यामागच्या मज्जातंतूच्या टोकाला सूज दिसते. तरुण, वजन वाढलेल्या स्त्रियांमध्ये गाठ नसतानाही असा दाब वाढतो. वाकल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येणे, नाडीबरोबर कानात ठोके ऐकू येणे या त्याच्या खुणा. पडद्यावर सूज असेल किंवा गोळ्या थांबवून दोन महिने झाल्यावरही दुखणे तसेच असेल, तर एमआरआय अवश्य करावा.

उपासांविषयी. आठ तासांहून अधिक काळ पोट रिकामे राहिले तर मायग्रेन नसलेल्याचेही डोके दुखू शकते. मायग्रेन असलेल्याला तर संकष्टीचा चंद्रोदय फारच उशिरा वाटतो. श्रद्धा सोडा असे मी सांगणार नाही. निर्जळी करू नये, सकाळी फळे व दूध घ्यावे, दुपारी वरीचे तांदूळ किंवा राजगिरा खावा आणि नेहमीचा चहा त्या दिवशी अचानक बंद करू नये. घरात कालनिर्णय असेलच. दूधवाल्याचा खाडा आणि सिलिंडरची तारीख जिथे लिहिता, त्याच चौकोनात डोके दुखले तर फुली, गोळी घेतली तर गोल आणि पाळी आली तर ठिपका करावा. तीन महिन्यांनी पान उलटून पाहिले की एकादशी-चतुर्थीशी दुखण्याचा खरोखर संबंध आहे की नाही हे दिसते, आणि महिन्याला किती गोल झाले तेही. ही तीन पाने डॉक्टरांना एमआरआयच्या फिल्मपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

सुंठीचा लेप लावायला हरकत नाही. तो पातळ असावा, डोळ्यांपासून दूर राहावा आणि आग होऊ लागली तर धुऊन टाकावा. काहींना त्याच्या उष्णतेने आणि काहींना थंड पाण्याच्या पट्टीने बरे वाटते. जे मानवेल ते करावे. फक्त लेप वाळेपर्यंत गोळी लांबवू नये. ज्या दिवशी गोळी घ्यायचीच आहे, त्या दिवशी ती आधी घ्यावी आणि लेप नंतर लावावा.